छताचा कानोसा

भूमिगत कोळसा खाणीतील अपघात म्हटला की वायूचा स्फोट किंवा पाण्याचा लोंढा डोळ्यांसमोर येतो. भारतातील अशा खाणींत मात्र दीर्घकाळ सर्वाधिक बळी घेतले ते कोसळणाऱ्या छताने, आणि तेही बहुधा एका वेळी एक-दोन माणसे गाठून, त्यामुळे त्याची बातमी जिल्ह्याच्या पानापलीकडे क्वचितच जाते.

वर्धा खोऱ्यातील, म्हणजे चंद्रपूर-बल्लारपूर-माजरी पट्ट्यातील भूमिगत खाणींत कोळसा प्रामुख्याने ‘बोर्ड अँड पिलर’ पद्धतीने काढला गेला: थरात एकमेकींना छेदणाऱ्या गॅलऱ्या, म्हणजे बोगद्यासारख्या वाटा, खोदायच्या आणि त्यांच्यामध्ये कोळशाचेच चौकोनी खांब वरचा भार पेलण्यासाठी राखायचे. गॅलरीची रुंदी 4.8 मीटरपेक्षा अधिक नसावी, असे बंधन 1957 च्या कोळसा खाण विनियमांनी घातले. खाणीत हा 4.8 चा आकडा पुन्हापुन्हा कानावर पडतो आणि तसा तो पडलाच पाहिजे, कारण रुंदी वाढली की अधांतरी राहिलेल्या छताचा पट्टा वाढतो आणि खांब तेवढाच बारीक होतो.

भोके पाडणे, सुरुंग उडवणे, धूर निवळेपर्यंत थांबणे ही कामे ठरल्या क्रमाने उरकतात. त्यानंतर पुढे होतो तो ड्रेसर, म्हणजे छत आणि बाजू तपासून सुटलेला दगड-कोळसा पाडणारा कामगार. आधार दिलेल्या छताखाली पाय रोवून तो लांब पहारेने पुढचे छत ठोकत जातो. दगड सलग असेल तर आवाज खणखणीत येतो. वरच्या थरापासून सुटला असेल तर बद्द. आवाजाने शंका फिटली नाही आणि छत हाताला पोहोचत असेल, तर तो एका हाताची बोटे छताला टेकवून दुसऱ्या हाताने ठोकतो, कारण सुटलेल्या दगडाची थरथर कानाने हुकवली तरी बोटांना कळते. बद्द आवाजाच्या जागी पहारेचे टोक फटीत घालून, अंग बाजूला ठेवून, तो दगड खाली घेतो. खाणीतील इतर कोणत्याही कामापेक्षा या कामात माणसाच्या संवेदनेवर अधिक भिस्त आहे, आणि म्हणूनच ते घाईत करवून घेणे हा अपराध मानला पाहिजे.

तपासलेल्या छताला मग रूफ बोल्टचा आधार देतात: सुमारे दीड मीटर खोल भोकात सिमेंटची किंवा रेझिनची कॅप्सूल भरून पोलादी सळई बसवायची, म्हणजे छताचे पातळ थर एकत्र आवळले जातात. अडचण अशी की कॅप्सूल नीट मुरली नसली तरी खालून पट्टी आणि नट तितकेच भक्कम दिसतात. सळई प्रत्यक्ष ओढून किती भार धरते हे पाहिल्याविना बोल्ट पक्का की कच्चा हे उमगत नाही. जुना लाकडी टेकू मोडण्याआधी करकरत असे आणि त्या आवाजाने कित्येक माणसे वेळेवर मागे सरकली. बोल्ट अशी पूर्वसूचना देईलच असे नाही. त्यात कोळसा उचलणारे साइड डिस्चार्ज लोडर हे यंत्र चालू असले की त्याच्या गोंगाटात छताची बारीक कडकड ऐकू येणे जवळजवळ अशक्य होते. फावड्या-पाटीचे कष्ट या यंत्राने वाचवले हे खरे, पण कानोसा घ्यायला लागणारी शांतता त्याने हिरावली, याचा हिशेब उत्पादनाच्या आकड्यांत कुठेच धरलेला नसतो.

अर्थात कानालाही मर्यादा आहेत. धनबादजवळच्या चासनाला खाणीत 27 डिसेंबर 1975 रोजी वरच्या जुन्या, पाण्याने भरलेल्या खोदकामातील पाणी आत फुटले आणि सुमारे 375 कामगार मृत्युमुखी पडले. असा धोका आधी नकाशावर ओळखावा लागतो, आणि जुन्या पाण्यापासून 60 मीटरच्या आत परवानगीविना काम करू नये हा नियम त्याचसाठी आहे. तळाशी पहार घेऊन उभ्या असलेल्या माणसाच्या हाती यातले काहीच नसते.

छत कोसळल्याच्या प्रसंगांतही हा भेद राखायला हवा. अपघातानंतर कामगार आधार नसलेल्या छताखाली का गेला, हे विचारणे सोपे असते. त्या जागी आधार वेळेवर का पोहोचला नव्हता, गॅलरी 4.8 मीटरपलीकडे कोणी जाऊ दिली, शेवटचा बोल्ट कधी ओढून पाहिला आणि ठोकून पाहण्याआधीच लोडर पुढे का आणला, या प्रश्नांची उत्तरे ड्रेसरकडे नसून वरच्या कार्यालयातील नोंदवह्यांत असतात, आणि चौकशीची सुरुवात तेथूनच व्हायला हवी.