दार, फट आणि पर्जन्यकाळ : नया नगरचा मागोवा

मीरा रोड स्थानकाच्या पूर्वेस, जेथे एकेकाळी मिठागरे आणि खाजणे यांचेच राज्य होते, तेथे 1979च्या सुमारास सय्यद नझर हुसैन यांनी नया नगरची वसाहत उभारण्यास प्रारंभ केला आणि 1992-93च्या दंगलींनंतर मुंबईच्या अनेक मोहल्ल्यांतून निवाऱ्याच्या शोधात निघालेली कुटुंबे येथे येऊन स्थिरावली, हा इतिहास सर्वश्रुत आहे; पण या चार-साडेचार दशकांत या घरांतील आतल्या दारांनी काय सोसले, त्याची नोंद कोणत्याही दप्तरी नाही. ती व्हावी असे मला मनापासून वाटते, कारण दोन खोल्यांच्या ज्या घरात रात्रपाळीहून परतलेला माणूस निजलेला असतो, मुलगी दहावीचा अभ्यास करीत असते आणि बाहेर दूरचित्रवाणी चालू असते, तेथे आतले दार हीच काय ती एकान्ताची तजवीज असते.

कोकणातील जुन्या घरांची सागवानी दारे घडविणाऱ्या सुताराने पावसाची गणना आधीच केलेली असे. जाड उभ्या-आडव्या पट्ट्यांचा सांगाडा, त्याच्या खाचेत सैल बसवलेली फळी, आणि त्या फळीला फुगण्या-आटण्यास मोकळीक, अशी ती रचना होती. नया नगरच्या पहिल्या इमारती उभ्या राहू लागल्या त्याच सुमारास, 1980 साली, वनसंवर्धन कायदा आला. पुढे 12 डिसेंबर 1996 रोजी सर्वोच्च न्यायालयाने वृक्षतोडीवर कडक निर्बंध घातले. आणि साग आधीच महाग झालेल्या बाजारात सामान्य ग्राहकाच्या वाट्यास प्लायवूडचे फ्लश दार आले. त्यात थर आडवे-उभे चिकटवलेले असल्याने ते अखंड फळीइतके फुगत नाही, हा त्याचा निश्चित गुण. परंतु स्वस्त दारांत वापरलेला युरिया-फॉर्माल्डिहाइडचा डिंक सततच्या ओलीपुढे टिकत नाही, आणि न्हाणीघराच्या दाराचे थर दोन-चार पावसाळ्यांत खालून सुटू लागतात. 26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा खाडीकाठच्या सखल भागांतील तळमजल्यांवर अशा दारांची जी दशा झाली, ती वेगळी वर्णन करावयास नको.

लाकडाच्या पेशींच्या भिंती हवेतील बाष्प शोषून रुंदावतात. लांबीत मात्र फरक जवळजवळ पडत नाही. सापेक्ष आर्द्रता 65 टक्क्यांच्या आसपास असता लाकडात सुमारे 12 टक्के ओलावा राहतो. आषाढ-श्रावणात ती 85च्या वर जाऊन आठवडेच्या आठवडे तेथेच थबकली, की हा ओलावा 18पर्यंत चढतो, आणि एवढ्यानेच एक फूट रुंदीची सागवानी फळी तीन-साडेतीन मिलिमीटरने वाढू शकते. म्हणून चौकटीत फट ठेवावीच लागते. आणि आवाजाचा मार्ग नेमका त्या फटीतूनच जातो.

याचे गणित पुष्कळांस अविश्वसनीय वाटते. दाराचे वजन दुप्पट केल्यास आवाजाचा रोध पाच-सहा डेसिबेलने वाढतो. पण अडीच फूट रुंद दाराखाली अर्ध्या इंचाची फट उघडी असेल, तर वरचे दार कितीही भारी असो, एकूण रोध 22 डेसिबेलच्या पुढे जात नाही. शहाणीसुरती माणसे भरीव दारावर पैसे खर्च करतात, कित्येक जण त्यावर स्पंजाचे उंचसखल तक्तेही चिकटवतात. त्या तक्त्यांनी खोलीतला घुमारा कमी होतो, पलीकडचा आवाज थांबत नाही.

नया नगरात या प्रश्नाला आणखी एक पदर आहे. चांद्र वर्ष दहा-अकरा दिवसांनी आखूड असल्याने रमजान ऋतूंमधून मागे मागे सरकत जातो. 2013 साली तो जुलैत आला होता. फुगलेली दारे चौकटीत गच्च बसत, उपवासापूर्वीच्या पहाटेच्या जेवणाच्या, म्हणजे सहरीच्या, भांड्यांचा आवाज अडे, पण दार ओढून उघडताना होणाऱ्या कर्कश आवाजाने निजलेले लेकरू दचकून उठे. 2025 साली तो मार्चमध्ये, शालान्त परीक्षांच्या दिवसांत आला. तेव्हा लाकूड आटलेले, फट रुंदावलेली, आणि स्वयंपाकघरातील पातेल्याची टणटण थेट उशाशी. एकच दार, दोन ऋतूंत दोन परस्परविरुद्ध तक्रारी.

दुरुस्तीची घाई पावसाळ्यातच होते आणि तिथेच काम बिघडते. श्रावणात रंधा मारून मोकळे केलेले दार मार्गशीर्षात खुळखुळू लागते. जाणता मिस्त्री प्रथम बिजागरीचे स्क्रू तपासतो, कारण पुष्कळदा दार फुगलेले नसून नुसते झुकलेले असते. मग चौकट आणि दार यांमधून कागदाची पट्टी फिरवून ती जेथे अडते तेथे पेन्सिलीची खूण करतो. त्यानंतर तो छोटा आरसा दाराखाली जमिनीवर सरकवून खालची कड पाहतो. बहुतेक घरांत ती कड कोरी सापडते. दोन्ही बाजूंस सनमायका, समोरून चकचकीत पॉलिश, आणि खाली उघडे लाकूड, जे प्रत्येक वेळी फरशी पुसताना पाणी पिते. दार उतरवून, कोरड्या दिवसांत, वरची व खालची कड रंगाने बंद केली की निम्मी तक्रार मिटते.

उरलेल्या फटीस लाकडाने नव्हे, लवचीक वस्तूने बुजवावे. चौकटीच्या खाचेत रबराची पोकळ पट्टी बसवली तर पावसाळ्यात ती दबते आणि उन्हाळ्यात फुलते. दाराखाली ब्रशाची पट्टी, किंवा ऐपत असल्यास दार मिटताच आपोआप खाली उतरणारी पट्टी लावावी. वातानुकूलन नसलेल्या खोलीत मात्र खिडकी उघडी ठेवण्याची सोय आधी पाहावी, अन्यथा बुरशी धरते.

अलीकडे लाकडाचा भुसा आणि प्लास्टिक यांच्या मिश्रणाची दारे सर्रास आली आहेत. न्हाणीघरास ती उत्तम. ती ओलीने फुगत नाहीत. निजण्याच्या खोलीसाठी मात्र, आत पोकळ व वजनाला हलकी असतील, तर मी ती सुचविणार नाही. जुन्या इमारतींच्या पुनर्विकासाची बोलणी जेथे चालू आहेत, तेथील रहिवाशांनी करारनाम्यात चटईक्षेत्राबरोबर आतल्या दारांचा तपशीलही लिहून घ्यावा : भरीव गाभा, ओलीस टिकणारा डिंक, सहाही बाजूंस लेप, चौकटीत रबराची पट्टी. ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांच्या आत कारागिरीतील उणीव दाखवून दिल्यास विकासकाने ती विनामूल्य दूर करावी, अशी तरतूद 2016च्या स्थावर संपदा कायद्यात आहे. आणि दाराची खालची कड कोरी सोडणे ही माझ्या मते कारागिरीतीलच उणीव आहे.