दातांवर कोरलेलं बालपण

शिरूर तालुक्यात घोड नदीकाठच्या इनामगावला डेक्कन कॉलेजच्या उत्खननात इसवीसनपूर्व १६०० ते ७०० या काळातली वस्ती सापडली. घरांच्या जमिनीखाली, तोंडाला तोंड लावून आडव्या ठेवलेल्या दोन मडक्यांत पुरलेली लहान मुलं तिथे मोठ्या संख्येने मिळाली. अशा मुलांनी काय सोसलं हे जाणायला दातांइतका टिकाऊ पुरावा नाही. हाड आयुष्यभर झिजतं नि भरतं. दातावरचं कठीण कवच, म्हणजे इनॅमल, घडवणाऱ्या पेशी मात्र काम संपताच नाहीशा होतात, म्हणून त्यातलं व्यंग कधीच भरून येत नाही. उपासमारीने किंवा मोठ्या आजाराने त्या पेशींचं काम अडलं, की पटाशीच्या दातावर वा सुळ्यावर आडवी खाच राहते. तिच्या जागेवरून मुलाचं तेव्हाचं वय अंदाजता येतं.

मार लागून किंवा आनुवंशिक दोषानेही व्यंग येतं, हे खरं. पण मार एखाददुसऱ्या दातापुरता असतो, आनुवंशिक दोष बहुधा सगळ्या दातांवर पसरतो. एकाच वयात घडणाऱ्या निरनिराळ्या दातांवर जुळत्या खाचा दिसल्या, तर संकट अख्ख्या शरीरावरचं होतं. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. मानववंशशास्त्रज्ञ जेम्स वुड आणि सहकाऱ्यांनी तो १९९२ मध्ये मांडला. खाच उमटायला मूल त्या दुखण्यातून वाचावं लागतं. निर्दोष दातांचं मूल कदाचित पहिल्याच तडाख्यात गेलेलं असतं. म्हणूनच नुसत्या खाचा मोजून एखादी वस्ती रोगट ठरवणं मला अन्यायाचं वाटतं. शेजारी मृत्यूचं वय मांडलं, आणि खाचा असलेली माणसं लवकर गेलेली दिसली, तरच बालपणीच्या हालांनी पुढचं आयुष्यही खुरटवलं असावं, असं म्हणायला आधार मिळतो.