अंगुलिमालाचे सत्यवचन आणि सॅन क्वेंटिनचा मृत्युदंड

१३ डिसेंबर २००५ रोजी, मध्यरात्र उलटून गेल्यावर, अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याच्या सॅन क्वेंटिन कारागृहात स्टॅन्ली विल्यम्स या कृष्णवर्णीय बंदिवानास विषारी इंजेक्शन देऊन ठार करण्यात आले. त्याचे वय ५१ वर्षांचे होते आणि १९८१ पासून तो मृत्युदंडाच्या छायेत जगत होता. सुधारलेल्या अपराध्यास ठार करावे की करू नये, हा वाद त्याच्या निमित्ताने जगभर झाला. अशा वादात आपल्याकडे अंगुलिमालाचे नाव घेतले जाणे साहजिक आहे. मात्र ते बहुधा घाईने घेतले जाते. ‘तथागतांनी डाकूला क्षमा केली, तशी यालाही करावी’ एवढाच त्याचा आशय सांगितला जातो. मूळ पाली सुत्त याहून अधिक कठोर आणि अधिक उपयोगाचे आहे, असे आम्हांस वाटते.

प्रथम प्रकरणाची हकिकत पाहू. विल्यम्स हा १९७१ साली लॉस एंजेलिसमध्ये उदयास आलेल्या ‘क्रिप्स’ या टोळीच्या संस्थापकांपैकी एक. या टोळीच्या हिंसेत पुढे असंख्य कृष्णवर्णीय तरुणांचे बळी गेले. १९७९ साली दोन दरोड्यांत चार माणसांची हत्या केल्याबद्दल न्यायालयाने त्याला दोषी ठरविले. त्यांपैकी एक दुकानातील कर्मचारी होता, तर तिघे एकाच कुटुंबातले होते. कारागृहातील आरंभीची त्याची वर्षेही हिंसेचीच होती. अनेक वर्षांच्या एकांतकोठडीनंतर त्याच्यात पालट झाला. १९९६ पासून त्याने टोळीजीवनापासून मुलांना परावृत्त करणारी छोटी पुस्तके प्रसिद्ध केली, १९९७ मध्ये ‘क्रिप्स’च्या स्थापनेबद्दल जाहीर माफी मागितली आणि पुढे नोबेल शांतता पारितोषिकासाठीही त्याचे नाव सुचविले गेले. २००२ मध्ये त्याचे अपील फेटाळताना संघीय अपील न्यायालयाने असे नमूद केले की, त्याचे सत्कार्य गव्हर्नरच्या दयाधिकारास पात्र ठरू शकेल. परंतु त्याचा विचार करणे न्यायालयाच्या कक्षेत येत नाही.

अखेरीस निर्णय गव्हर्नर अर्नोल्ड श्वार्झनेगर यांच्याकडे आला आणि १२ डिसेंबर रोजी त्यांनी दयेचा अर्ज नाकारला. त्यांच्या निवेदनातील मुख्य मुद्दा असा : या चार हत्यांविषयी विल्यम्सने कधीही क्षमा मागितलेली नाही आणि क्षमायाचनेवाचून खरे परिवर्तन संभवत नाही. विल्यम्सचे म्हणणे अखेरपर्यंत एकच होते की, या हत्या आपण केल्याच नाहीत.

येथे एक गुंता आहे. त्याच्या समर्थकांनी दोन कैफियती एकत्र मांडल्या होत्या : तो निर्दोष आहे, आणि तो सुधारला आहे. या दोन गोष्टी एकमेकींस छेद देतात. निर्दोष माणूस न केलेल्या हत्येबद्दल पश्चात्ताप कसा करील? आणि दोषी असेल, तर पहिल्याच पायरीशी अडलेल्याला सुधारलेला कसे म्हणावे? गव्हर्नरांनी नेमके या फटीवर बोट ठेवले. त्यांच्या युक्तिवादात तथ्य नव्हते असे आम्ही म्हणणार नाही.

आता मज्झिमनिकायातील अंगुलिमालसुत्ताकडे वळू. सहस्र बोटांची संख्या, गुरूने कपटाने मागितलेली दक्षिणा हा सारा भाग अट्ठकथेतला आहे, मूळ सुत्तात तो नाही. अट्ठकथाकारांना त्याच्या क्रौर्यासाठी काही कारण हवे होते, म्हणून त्यांनी गुरूचे कपट आणले. सुत्त त्याला कोणतीही सबब देत नाही. तो खुनी आहे, त्याने गावेच्या गावे ओस पाडली आहेत, एवढेच तेथे सांगितलेले आहे.

प्रव्रज्येनंतरचा एक प्रसंग आपल्या प्रश्नाच्या मर्माशी जाऊन भिडतो. श्रावस्तीत भिक्षाटन करताना अंगुलिमालास प्रसूतिवेदनांनी तळमळणारी एक स्त्री दिसते. तो येऊन तथागतांना हे सांगतो. जन्मल्यापासून आपण जाणूनबुजून कोणाही प्राण्याचा जीव घेतला नाही, हे सत्यवचन तिच्यासमोर उच्चार, असे तथागत त्याला सुचवितात. अंगुलिमाल थबकतो. हे तर जाणूनबुजून असत्य बोलणे होईल, आपण पुष्कळांचे जीव घेतले आहेत, असे तो प्रत्यक्ष शास्त्याला सांगतो. तेव्हा वचन बदलले जाते : आर्य जन्म लाभल्यापासून जीव घेतलेला नाही. ही एवढी मर्यादा घातल्यावर ते सत्य होते आणि माता व बालक सुखरूप राहतात. आजही बौद्ध देशांत गरोदर स्त्रियांसाठी हे परित्त म्हटले जाते.

येथे बोधाचा विषय क्षमा नसून सत्य आहे. एका स्त्रीचा जीव वाचविण्यासाठीही अंगुलिमाल स्वतःविषयी असत्य बोलावयास तयार नाही. सॅन क्वेंटिनमध्ये याच्या नेमकी उलट रचना उभी राहिली. कबुली द्या, तर जीव वाचण्याची आशा. न द्याल, तर मृत्यू. दोषी माणसाची कबुली अशा स्थितीत निर्मळ राहत नाही, आणि माणूस खरोखरीच निर्दोष असेल तर त्याच्याकडून असत्याचीच मागणी होते. विल्यम्स खरे बोलत होता की खोटे, हे ठरविणे आमचे काम नव्हे. न्यायालयांनी त्याला दोषी मानले होते. पण गळ्याशी मृत्यू ठेवून मागितलेल्या पश्चात्तापाचा खरेखोटेपणा कोणत्याही गव्हर्नरला पारखता यावयाचा नाही.

तर मग कबुली निरर्थक आहे काय? नाही. दीघनिकायातील सामञ्ञफलसुत्तात पितृघातकी अजातशत्रू तथागतांसमोर आपला अपराध मान्य करतो. तथागत त्याची कबुली स्वीकारतात आणि तीन गोष्टी सांगतात : अच्चय, म्हणजे अपराध, हा अपराध म्हणून पाहणे, धम्मानुसार त्याची दुरुस्ती करणे, आणि पुढील काळासाठी संवर, म्हणजे संयम, धारण करणे. राजा निघून गेल्यावर मात्र ते भिक्खूंना म्हणतात की, याने पित्याचा वध केला नसता तर याच आसनावर त्याला धम्मचक्षू लाभले असते. कबुलीने कर्म पुसले गेले नाही. गव्हर्नरांनी यांपैकी पहिल्या अंगाचा आग्रह धरला, तो योग्यच म्हणावयास हवा. पण उरलेल्या दोन अंगांना काळ लागतो, आणि मृत्युदंड नेमका तो काळच काढून घेतो. पहिली पायरी राहिली म्हणून जिनाच पाडून टाकावा, असा हा प्रकार झाला.

मृतांच्या आप्तांचे काय, हा प्रश्न टाळता येणार नाही. त्यांच्यापैकी काहींनी मृत्युदंडाचीच मागणी केली होती, आणि त्यांच्या दुःखाला कमी लेखण्याचा अधिकार कोणालाही नाही. विनयपिटकातील महावग्गाने ही बाजू दुर्लक्षिलेली नाही. अंगुलिमाल भिक्खूवेशात दिसला की लोक भिऊन पळत, दारे लावून घेत, संघावर टीका करीत. तेव्हा तथागतांनी नियम केला की, यापुढे कुख्यात चोरास प्रव्रज्या देऊ नये. बंदिशाळा फोडून आलेल्यांसही प्रव्रज्या नाकारण्यात आली, कारण शाक्यपुत्रीयांत प्रव्रजित झालेल्यास कोणी हात लावू नये अशी बिंबिसाराची आज्ञा होती आणि चीवर हे दंडातून सुटण्याचे साधन बनू पाहत होते. लोकांच्या भयाची संघाने दखल घेतली, तरी अंगुलिमालाचे चीवर मात्र काढून घेतले नाही. भिक्षाटनात त्याचे डोके फुटले, पात्र फुटले, संघाटी फाटली. तथागतांनी त्याला ते सहन करावयास सांगितले. आपल्या कर्माचे फळ तो जिवंतपणी भोगत होता.

विल्यम्सच्या अंमलबजावणीच्या वेळी शीर सापडण्यास विलंब लागला, आणि त्यानंतर ‘कमी वेदनेचा’ मृत्यू कसा द्यावा यावर बरीच चर्चा झाली. २००६ मध्ये एका संघीय न्यायाधीशाने ही पद्धत ज्या रीतीने राबविली जात होती ती घटनाबाह्य ठरविली. विनयातील तिसऱ्या पाराजिकाच्या उदाहरणांत या चर्चेला एक अनपेक्षित उत्तर सापडते. एक भिक्खू वधस्थानी जाऊन वधकास म्हणतो की, याला तिष्ठत ठेवू नकोस, एका घावात संपव. वधक तसे करतो. हेतू करुणेचा होता, तरीही तो भिक्खू पाराजिक ठरतो. वध सुसह्य करण्याचा सल्ला हाही वधातील सहभागच मानला गेला.

३ जून १९४९ रोजी संविधान सभेत सर्वोच्च न्यायालयाच्या फौजदारी अपिलांवर चर्चा चालली असता, मृत्युदंड झालेल्या प्रत्येकास अपिलाचा हक्क असावा, असा मुद्दा आला होता. त्यावर डॉ. बाबासाहेब आंबेडकर म्हणाले की, त्यापेक्षा मृत्युदंडच रद्द करण्यास आपला अधिक पाठिंबा राहील. त्यांचे कारण असे की, या देशातील लोक आचरणात अहिंसा पाळोत वा न पाळोत, नैतिक आदेश म्हणून ते तिला मानतात. बाबासाहेब दंडाचे विरोधक नव्हते. अहिंसा हे तत्त्व आहे, आंधळा नियम नव्हे, हे त्यांनीच आपणांस शिकविले. पण अपराधी सुधारला आहे की नाही, या प्रश्नावर त्यांचा युक्तिवाद मुळीच उभा नाही, हे लक्षात घ्यावे. जगणे हे चांगल्या वर्तनाचे बक्षीस ठरले की पुस्तके लिहिणारा, नाव झालेला बंदिवान वाचेल आणि शेजारच्या कोठडीतला निरक्षर, वकिलाला पैसे देऊ न शकणारा, गप्प राहणारा बंदिवान मरेल. विल्यम्सच्या बाजूने बोललेल्या सज्जनांनी हा धोका पुरेसा ओळखला नाही.

कॅलिफोर्नियात जानेवारी २००६ मध्ये आणखी एकास मृत्युदंड दिला गेला. २०१२ आणि २०१६ या दोन्ही वर्षी तेथील मतदारांनी मृत्युदंड रद्द करण्याचा प्रस्ताव फेटाळला. २०१९ मध्ये गव्हर्नर गॅव्हिन न्यूसम यांनी अंमलबजावणीस स्थगिती दिली आणि वधकक्ष बंद केला. २०२३ मध्ये सॅन क्वेंटिनचे नाव बदलून पुनर्वसन केंद्र करण्यात आले.