उबीन बेटाचा दगड

सिंगापूरचा इतिहास म्हटला की रॅफल्ससाहेब १८१९ साली बोटीतून उतरतात आणि पुढची सारी पाने तेच अडवून बसतात. आम्ही शिक्षक मंडळीही वर्षानुवर्षे तसेच शिकवीत आलो. आज मात्र वाचकांना ईशान्येकडच्या एका लहानशा बेटाची हकिगत सांगावयाची आहे.

चांगीच्या धक्क्यावरून लहान बोटीने पुलाऊ उबीनला जाता येते. ‘पुलाऊ’ म्हणजे बेट, हे आपल्याकडच्या मुलांनाही ठाऊक असते. क्षेत्रफळ जेमतेम दहा चौरस किलोमीटर, पण पोटात ग्रॅनाइट अमाप. पेड्रा ब्रांका या खडकावरचे हॉर्सबर्ग दीपगृह १८५१ साली उजळले, त्याचे दगड इथलेच. पुढे दक्षिणेच्या टोकाला, सातुमू बेटावर, रॅफल्स दीपगृह उभे राहिले. १८५४ साली पायाभरणी, १८५५ साली दिवा. त्याचाही दगड उबीनचा, आणि मजूर होते हिंदुस्थानातून आणलेले कैदी.

या कैद्यांचे नाव आपल्या घरांत सहसा निघत नाही. आपले वाडवडील नोकरीधंद्यासाठी आले, ते बेड्या घालून आले. त्यांच्याशी आपला काय संबंध, असाच एकूण सूर असतो. आम्हांला हा सूर पटत नाही.

कैद्यांच्या पहिल्या तुकड्या १८२५ साली बेंकुलेनहून इथे आल्या. त्या मद्रास व बंगालकडच्या. मुंबई इलाख्यातले जन्मठेपवाले पुढे आले. मुंबई इलाखा म्हणजे नुसता मराठी मुलूख नव्हे. गुजराती, कानडी, सिंधी सारेच त्यात येत. म्हणून सरसकट ‘आपली माणसे’ असा दावा करू नये. पण त्यांत आपली मुळीच नव्हती, असे तरी कोणत्या तोंडाने म्हणावे?

त्यांच्यावर पहारेकरी नेमले जात तेही कैद्यांतूनच. वागणूक चांगली असेल तर बेडी सुटे, वर्ग बदले, आणि कालांतराने माणूस ‘टिंडल’ होई. हा शब्द वाचून कोकणातला तांडेल आठवल्यावाचून राहत नाही. दोघे एकाच कुळातले. सेंट अँड्र्यूज कॅथेड्रल (१८५६–६१) याच हातांनी बांधले. राज्यपालांचा वाडा, म्हणजे आजचे इस्ताना, १८६९ साली पुरा झाला तोही याच हातांनी. पण तिथे जाणारा पाहुणा रंगीत काचा पाहतो, हिरवळ पाहतो. गवंड्याची चौकशी कोण करतो?

१८६७ साली ही वसाहत हिंदुस्थान सरकारकडून थेट लंडनच्या ताब्यात गेली आणि १८७३ साली इथला कैद्यांचा तळ उठला. शिक्षा उरलेले बरेच अंदमानला गेले. सुटलेल्यांपैकी कित्येकांनी मलय बायकांशी लग्ने करून इथेच संसार थाटले. दोन पिढ्यांत भाषा गेली, नावेही बदलली.

उबीनच्या खाणी मात्र चालूच राहिल्या. १९२४ साली पुरा झालेल्या जोहोरच्या सेतूतही तिथला दगड आहे. शेवटची खाण १९९९ साली बंद पडली. आता त्या खड्ड्यांत हिरवे पाणी साचले आहे आणि काठावर बगळे घरटी करतात. जूनच्या सुट्टीत मुलांना सायकली फिरवायला तिकडे नेता, तेव्हा पेकन खाणीच्या कठड्यापाशी थोडे थांबा. तासलेल्या कड्यावरच्या छिन्नीच्या व सुरुंगाच्या खुणा कुणाच्या, हे मुले विचारतीलच.