डिस्कचे हेडर पुसले गेले, आता हिसाब कसा मिळवायचा?

कापडाच्या धंद्यात आता खातेवही, उधारीची यादी, डिझाइनच्या फाइली, सारे काही संगणकाच्या डिस्कमध्ये असते. डिस्क चोरीला गेली किंवा दुरुस्तीला दिली तर आपला हिसाब परक्याच्या हाती पडू नये म्हणून अनेक व्यापारी ती सांकेतिक कुलपात ठेवतात. याला एन्क्रिप्शन म्हणतात. ही खबरदारी योग्यच आहे. परंतु या कुलपाचा एक भाग फार नाजूक असतो. तो बिघडला तर चोराप्रमाणे मालकही बाहेरच राहतो. म्हणून त्याची माहिती प्रत्येक व्यापाऱ्याला आणि कारागिराला असली पाहिजे.

पासवर्ड म्हणजे किल्ली नव्हे

पासवर्डनेच डिस्क बंद होते असा आपल्यापैकी पुष्कळांचा समज आहे. तो बरोबर नाही. डिस्कवरचा मजकूर संगणकाने स्वतः तयार केलेल्या एका लांबलचक किल्लीने बंद होतो. ती किल्ली पासवर्डच्या कुलपात घालून डिस्कवरच, बहुधा अगदी सुरुवातीच्या जागेत ठेवलेली असते. या जागेला हेडर म्हणतात. वखारीची खरी किल्ली दाराशेजारच्या छोट्या पेटीत ठेवावी आणि आपल्या खिशात फक्त त्या पेटीची किल्ली असावी, तसा हा प्रकार आहे. पेटी जळाली तर खिशातली किल्ली काय कामाची? पासवर्ड तोंडपाठ असला तरी वखार उघडत नाही.

लिनक्समध्ये लक्स नावाची पद्धत चालते. तिच्या पहिल्या आवृत्तीत हेडरची जागा साधारण २ एमबी आणि दुसऱ्या आवृत्तीत १६ एमबी असते. चार हजार जीबीच्या डिस्कचे नशीब एवढ्याशा जागेवर अवलंबून असते.

हे नुकसान बहुतेक वेळा घाईत होते. लिनक्सची कुलूपबंद डिस्क विंडोजच्या संगणकाला जोडली की विंडोजला ती ओळखता येत नाही आणि ते फॉरमॅट किंवा इनिशियलाइज करायचे का, असे विचारते. दुकानातला पोरगा ‘हो’ म्हणतो आणि हेडरवर दुसरेच काही लिहिले जाते. नवी सिस्टिम टाकताना चुकीची डिस्क निवडली तरी हेच होते.

प्रथम काय करावे?

एक, त्या डिस्कवर आणखी काहीही लिहू नये. पुन्हा फॉरमॅट करून पाहणे किंवा त्यावरच दुरुस्तीचे सॉफ्टवेअर टाकणे म्हणजे उरलेसुरले घालवणे होय.

दोन, हेडर पुसले गेले तेव्हा डिस्क पासवर्ड देऊन उघडलेली असेल आणि अजून चालू असेल, तर संगणक बंद करू नये. खरी किल्ली त्या वेळी संगणकाच्या स्मृतीत असते. ताबडतोब सारा माल दुसऱ्या डिस्कवर उतरवून घ्यावा. लिनक्सचा जाणकार ती किल्ली स्मृतीतून काढून नवे हेडरही बनवू शकतो. वीज गेली किंवा बटण दाबले की हा मार्ग संपला.

तीन, डिस्क बंद झालेली असेल तर तिची जशीच्या तशी नक्कल दुसऱ्या डिस्कवर काढावी आणि सारे प्रयोग नकलेवरच करावेत.

कोणत्या कुलपाला काय उपाय?

व्हेराक्रिप्टमध्ये हेडरची दुसरी प्रत व्हॉल्यूमच्या शेवटच्या भागात आपोआप ठेवलेली असते. टूल्समधील रिस्टोअर व्हॉल्यूम हेडर हा पर्याय घेऊन आपला पासवर्ड दिला की पुष्कळदा काम होते. मात्र डिस्क फॉरमॅट झालेली असेल तर आतल्या काही फाइलींचे नुकसान झालेले असू शकते.

विंडोजच्या बिटलॉकरमध्ये ही माहिती तीन ठिकाणी असते. रिपेअर-बीडीई हे साधन आणि ४८ आकडी रिकव्हरी की हाती असेल तर मजकूर दुसऱ्या, तेवढ्याच किंवा मोठ्या डिस्कवर काढता येतो. नव्या अनेक लॅपटॉपवर हे कुलूप आपोआप लागलेले असते. तेव्हा हे आकडे आजच शोधून कागदावर उतरवून ठेवावेत.

लक्सच्या दुसऱ्या आवृत्तीत हेडरमधील वर्णनाच्या दोन प्रती असतात. एक शाबूत असली तर दुरुस्ती होते. परंतु किल्ल्यांच्या जागेची दुसरी प्रत नसते. आपल्या पासवर्डची किल्ली जिथे आहे तीच जागा पुसली गेली आणि हेडरची वेगळी प्रतही नसेल, तर उपाय नाही. मोठी रक्कम आगाऊ घेऊन ‘आम्ही तोडून देऊ’ म्हणणाऱ्यांपासून सावध राहावे. चोराला न तुटणारे कुलूप दुकानदारालाही तुटत नाही. डिस्क एसएसडी असेल आणि विंडोजने ती फॉरमॅट केली असेल, तर खुद्द मजकूरही बहुधा गेलेला असतो.

आधीची तयारी

म्हणून हेडरची प्रत आजच काढावी. लक्ससाठी क्रिप्टसेटअपमध्ये आणि व्हेराक्रिप्टच्या टूल्समध्ये ही सोय आहे. काम काही मिनिटांचे असते. ही प्रत त्याच डिस्कवर न ठेवता वेगळ्या पेन ड्राइव्हवर, तिजोरीत ठेवावी. एक गोष्ट ध्यानात असू द्यावी : जुनी प्रत जुन्या पासवर्डने उघडते. कुणी कामावरून गेला म्हणून पासवर्ड बदलला, तर नवी प्रत काढून जुनी नष्ट करावी. नाहीतर ज्याच्यासाठी कुलूप बदलले त्याच्याच हाती दार राहील.

हेडरची प्रत म्हणजे हिसाबाची प्रत नव्हे, हेही विसरू नये. डिस्क जळाली तर नुसते हेडर काय उघडणार? जीएसटी कायद्यानुसार हिसाबाची कागदपत्रे वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने सांभाळावी लागतात. अधिकाऱ्यापुढे ‘डिस्क उघडत नाही’ हे उत्तर चालत नाही आणि उधारी नाकारणाऱ्या गिऱ्हाइकापुढेही नाही. आम्ही व्यापारी विमा काढतो, वखारीला दोन कुलपे लावतो. डिस्कमधला हिसाब हीदेखील कित्येकांची अमानत आहे. कारागिराची मजुरी आणि व्यापाऱ्याचे देणे त्यातच लिहिलेले असते. तेव्हा हिसाबाची एक प्रत दुकानात, एक घरी आणि हेडरची प्रत तिजोरीत, एवढी व्यवस्था या आठवड्यातच करून टाकावी.