दौऱ्याचं तिकीट आणि आधारची झेरॉक्स

ऑफिसच्या दौऱ्याचं ठरलं की ग्रुपवर पहिला निरोप येतो: "सगळ्यांनी आधारचा फोटो टाका." आपणही टाकतो. खरं तर देशांतर्गत विमानाच्या तिकिटाला नाव आणि जुजबी तपशील पुरतात. आधार क्रमांक लागत नाही. ओळखपत्र दाखवायचं ते विमानतळाच्या दारात, तेही स्वतःच्या हातानं. ग्रुपवर पडलेला फोटो मात्र वीस जणांच्या मोबाइलमध्ये मुक्काम ठोकतो.

हॉटेलवाल्याला ओळखपत्राची प्रत लागतेच. तिथे 'मास्क्ड आधार' द्यावं. ते यूआयडीएआयच्या संकेतस्थळावरून उतरवता येतं आणि त्यावर बारापैकी शेवटचे चारच आकडे दिसतात. झेरॉक्स द्यावीच लागली, तर तिच्यावर आडवं लिहावं: कोणत्या हॉटेलसाठी, कोणत्या तारखेला. काउंटरवरचा माणूस जरा विचित्र नजरेनं बघतो, बघू दे.

बोर्डिंग पासचा फोटो स्टेटसला ठेवायची हौस तर फारच महागात पडू शकते. त्यावरचा सहा अक्षरी पीएनआर आणि आडनाव एवढ्यावर अनेक विमान कंपन्यांच्या साइटवर बुकिंग उघडतं. बारकोड झाकला नसेल, तर त्यातूनही हे दोन्ही वाचता येतं.