बेरियेव्ह ए-४०

बेरियेव्ह ए-४० 'अल्बात्रोस' हे सोव्हिएत संघात १९८० च्या दशकात विकसित झालेले जेट इंजिनांचे उभयचर लष्करी विमान आहे. पाणबुडीविरोधी गस्तीसाठी योजलेल्या या विमानाची रचना अझोव्ह समुद्राकाठच्या तागानरोग येथील बेरियेव्ह संस्थेने अलेक्सेई कोन्स्टान्टिनोव्ह यांच्या नेतृत्वाखाली केली. नाटोने त्यास 'मर्मेड' हे सांकेतिक नाव दिले.

रचना

पाण्यावरून झेपावताना उडणारे तुषार हा जेट इंजिनाचा मोठा शत्रू होय. याच संस्थेच्या बे-१० या चाके नसलेल्या जेट विमानाने १९६१ मध्ये ताशी ९१२ किमी वेगाचा विक्रम केला. परंतु त्याची इंजिने पंखांच्या मुळाशी खाली असल्याने पाणी आत ओढले जाई. त्याचा सेवाकाळ अल्प ठरला. ए-४० मध्ये दोन डी-३०केपीव्ही टर्बोफॅन इंजिने पंखांच्या वर, मागील बाजूस बसविण्यात आली, त्यामुळे पंखांचीच आड मिळाली. पाण्याचा रोध ओलांडण्यास लागणारा जादा रेटा दोन लहान साहाय्यक जेट इंजिने पुरवीत. तळाचा उतार मध्यापासून कडेकडे बदलत जाणारा ठेवल्याने लाटांचे आघात सौम्य होत व सुमारे दोन मीटर उंचीच्या लाटांतही उतरणे शक्य होई. पंखविस्तार ४१.६२ मीटर, तर उड्डाणाचे कमाल वजन ८६ टन होते.

चाचण्या

पहिले उड्डाण ठरवून झालेच नाही. ८ डिसेंबर १९८६ रोजी वेगवान धावचाचणीत विमान जमिनीवरून उचलले गेले आणि थांबण्यास पुरेशी धावपट्टी उरली नसल्याने वैमानिकांना ते हवेत न्यावे लागले. पाण्यावरून पहिले उड्डाण ४ नोव्हेंबर १९८७ रोजी झाले.

बचाव आवृत्ती

एप्रिल १९८९ मध्ये नॉर्वेजियन समुद्रात 'कोम्सोमोलेट्स' ही अणुपाणबुडी बुडाली. विमाने घटनास्थळी पोहोचून तराफे टाकू शकली, पण उतरू शकली नाहीत. ६९ पैकी ४२ जण मृत्यू पावले, त्यांतील अनेक जण थंडगार पाण्यात. बे-४२ या बचाव आवृत्तीची निकड यामुळे ठळक झाली. तीत ५४ जणांना नेण्याची सोय योजली होती.

१९९१ मध्ये सोव्हिएत संघ विसर्जित झाल्यावर निधी आटला. दोनच आद्यरूपे उडाली. बचाव आवृत्ती सेवेत आली नाही. याच रचनेवर आधारलेले लहान आकाराचे बे-२०० हे विमान १९९८ मध्ये उडाले व पुढे वणवे विझविण्यासाठी वापरात आले.